हॅलोबाईचा बंद माईक

आमच्या गावच्या अंगनवाडीची बाई रोज सकाळी कुलूप उघडाच्या आंधी सोताचीच हाजेरी घे. एकटी. दरवाज्यासमोर उभी राहे, पदर खोचे, खड्या आवाजात सोताचं पुरं नाव पुकारे, अन् सोताच जवाब दे, "हजर!" त्याच्यानंतर तीन वाक्यं. "मी आहो. मले येते. भेव वाटलं तरी मी बोलीन." मंगच कुलपात किल्ली फिरे. मी समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेलो असो. पहिल्या डाव हे पाह्यलं अन् टपरीवाल्याले म्हनलं, "गेली बाप्पा कामातून! आंधीची बाई दोन महिन्यानं पळाली, ही तं दुसऱ्याच दिवशी सरकली."

बरं, हे म्हननारा मी कोन? तं मी गावचा पोंग्या. साऊंडवाला. दोन पोंगे, एक मशीन, दोन माईक, एक स्टँड अन् अर्धा किलोमीटर वायर, एवढा माहा संसार. लगन असो, बारसं असो, चौदा एप्रिल, गनपती, उरूस, ग्रामसभा, सब्बन ठिकानी माहाच पोंगा. शाळेत दुसरीपरेंत गेलतो. तिसरीत बी गेलतो, पन मास्तरनं वापस पाठवलं. हे बी मी लिहून नाही राह्यलो, मोबाईलमधी बोलून राह्यलो, मोबाईल लिहून राह्यला. जिथं चूक दिसन तिथं मोबाईलची समजा. जिथं चांगलं वाटन तिथं बी मोबाईलचंच समजा. सारी जिंदगी बोलाच्या धंद्यात गेली, पन माईकवर माहं बोलनं एकच, "हॅलो, हॅलो, चेक." त्याच्यापुढं मोठे मानसं बोलते अन् मी वायर सोडवत बसतो.

बाईचं खरं नाव सुनंदाबाई. मारेगाववरून बदलून आलती. गावानं तिले हॅलोबाई म्हनाले सुरुवात केली, त्याचं कारन मीच. गावात कोनतंही येडं काम निघालं तं मुळाशी मी असतोच. झालं असं का तिच्या पहिल्याच ग्रामसभेत तिले बोलाचं होतं. ती स्टँडपाशी आली. माईक तिच्या कपाळाच्या बी वर. ती म्हने, "भाऊ, हा खाली करा."

मी म्हनलं, "बाई, खाली होत नाही. नट गंजला."

"केव्हापासून?"

"घेतला तवापासून फिरवलाच नाही. सारे मानसंच बोलते ना इथं."

"अन् बाया?"

"बाया बोलल्या असत्या तं नट कायले गंजला असता?"

सारी सभा हासली. मले वाटलं, लय भारी बोललो. बाई नाही हासली. तिनं बाजूचा एक गोटा उचलून माह्या हातात देला. मी नटावर तीन ठोके मारले, चौथ्या ठोक्याले स्टँड सर्रकन खाली आला तो थेट उपसरपंचाच्या अंगठ्यावर. उपसरपंच एका पायावर नाचून राह्यले, अन् बाईनं माईक धरून सुरुवात केली. "हॅलो. मांगं आयकू येते का?" मांगून कोनी बोललं नाही. "हॅलो. मांगं आयकू येते का?" पाच डाव इचारलं. मांगच्या बायायनं "हो" म्हनेपरेंत ती पुढं गेलीच नाही. तवापासून ती हॅलोबाई.

बोलाचं होतं ट्रकाचं. अंगनवाडी हाय एकदम रस्त्याले लागून. त्या सालपासून खदानीचे कोळशाचे ट्रक आमच्या गावातून जाऊ लागले. ताडपत्री नाही, काही नाही. लेकरायच्या खिचडीत जिऱ्यासंगं कोळसा. एका रविवारी तं एका ट्रकानं अंगनवाडीची पायरीच उडवून नेली. जिथं लेकरं चपला काढाले बसे, ते पायरी. रविवार होता म्हनून एकटी पायरीच गेली. गाववाले म्हनले, देवाची कृपा. हॅलोबाई म्हनली, "देव हर हप्त्याले सुट्टीच्या दिवशीच ट्रक पाठवन काय?" ट्रक दुसऱ्या रस्त्यानं जावं, एवढीच तिची मागनी.

तिच्या हाताखाली अंगनवाडीत मदतनीस होती रंजना. रंजना म्हनजे माही बायको. घरात रंजनाचा आवाज असा का मशीनची गरज नाही. मी चौकात असलो तरी मले समजे का भाजी करपली, अन् ते माह्यामुळं करपली. पन उंबऱ्याबाहेर पाय पडला का आवाज पदरात. कोनी नाव इचारलं तं म्हने, "पोंग्याच्या घरची." हॅलोबाईनं पहिल्याच दिवशी तिले इचारलं, "पोंग्याच्या घरी तं पोंगे बी हाय. त्यायचं नाव नाही इचारून राह्यली मी. तुमचं नाव काय?" रंजनानं नाव सांगतलं, पन ते खिचडीच्या गंजात, पातेल्यात तोंड घालून सांगतलं. बाईले आयकू आलं नाही. तीन दिवस बाईनं रोज तेच इचारलं. चौथ्या दिवशी रंजना सकाळी दरवाज्यासमोर बाईच्या बाजूले उभी राहून "हजर" म्हनली, अन् माह्या हातातला चहा माह्या पँटवर सांडला.

घरी आल्यावर मी लय मजाक केली. "काय वो, सोतालेच हाजेरी? अन् कोनी गैरहजर असलं तं?" रंजनानं बाईले सांगतलं. बाईनं मले रस्त्यात गाठलं अन् म्हनली, "भाऊ, बाईमानसाले दिवसातून शंभर डाव आयका लागते, तुले काय समजते, तुले काय समजते. घरचे म्हनते, दारचे म्हनते. मंग आपनच आपल्याले दोन डाव म्हनलं का मले समजते, तं कोनाचं काही बिघडते काय? अठ्ठ्यानव डाव तं बाकीच हाय तुमच्यासाठी." मले साधारन दोन दिवसांनी जवाब सुचतो, अन् तो बी चुकीचा.

मंग एक दिवस ती माह्या पोंगे ठेवाच्या शेडवर आली. "दुपारी घंटाभर तुमचा माईक पाहिजे."

मी म्हनलं, "कोनता कार्यक्रम?"

"कार्यक्रम नाही. भेव मोडाचं हाय. मशीन मात्र चालू नका करू. बंद माईकच पाहिजे."

"बंद माईकवर काय बोलता बाई? भिताडासंगं बोलनं बरं."

"माईक हातात आला का हात कापते, भाऊ. आंधी हाताले सवय होऊ द्या. आवाज तं घरचाच हाय, तो कुठं जाते?"

मंग रोज दुपारी आठ-नऊ बाया माह्या शेडमधी. एकेक जन बंद माईक धरे, नाव पुकारे, हजर म्हने, तीन वाक्यं म्हने, अन् मंग सोताले काय चांगलं येते ते एक सांगे. हे शेवटचं लय भारी पडे. बाया उभ्या राहून जमिनीकडं पाहे. "मले काही नाही येत बाई." हॅलोबाई म्हने, "सकाळपासून काय केलं ते सांगा." एक म्हनली, "मले विहिरीत पडलेली बालटी एका डावात काढता येते." दुसरी म्हनली, "माह्या हातानं लावलेलं झाड मरत नाही." रंजना पहिल्या दिवशी म्हनली, "मले यायच्यासंगं राहता येते," अन् माह्याकडं बोट केलं. साऱ्या बायायनं टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या. खरं हाय ते.

मले बी वाटलं, आपन बी करून पाहू. दुसऱ्या दिवशी घरात कोनी नव्हतं, म्हनून आरशासमोर उभा राह्यलो, छाती काढली अन् म्हनलं, "मी शूर आहो." आरशाच्या मांगून पाल निंघाली. मी मांगं गेलो तो टिनाच्या पेटीवर, पेटीवरून गव्हाच्या पोत्यावर. रंजना मांगच्या दारातून आली अन् म्हनली, "काय झालं वो?" मी म्हनलं, "काही नाही, गहू पाहून राह्यलो." ही गोष्ट मी साऱ्या गावाले सांगतली. हॅलोबाईले बी सांगतली, वरून म्हनलं, "आपन तं गाढव मानूस, बाई. आपल्याले हे जमत नाही."

टपरीवरचे सारे हासले. बाई म्हनली, "जमत कसं नाही? तुम्ही तं आमच्यापेक्षा आंधीपासून करता. आम्ही रोज म्हनतो, मले येते. तुम्ही रोज म्हनता, मी गाढव. तुमचं जास्त पक्कं झालं, एवढाच फरक." अन् गेली. मी टपरीवाल्याले म्हनलं, "पाह्य, बाईनं माही तारीफ केली." तो बी हासला.

महिन्याभरानं ट्रकाची सुनावनी लागली. शाळेच्या मैदानात मंडप, जिल्ह्यावरून साहेब, अन् साऊंड कोनाचा? माहाच. पुढच्या खुर्चीवर ट्रकाच्या ठेकेदाराचा मानूस बसला होता, काळा गॉगल लावून. गावातले दोन-तीन मानसं बोलले, साहेबाचं स्वागत, साहेबाचे आभार. मंग हॅलोबाईनं रंजनाले पुढं केलं. रंजना माईकपाशी गेली. नाव सांगतलं अन् सवयीनं म्हनली, "हजर." लोकं हासले. साहेब बी हासले. पन ती थांबली नाही. "मी अंगनवाडीत मदतनीस आहो. पायरी गेली त्या दिवशी..." हात कापत नव्हता. आवाज असा सरळ जात होता का मशीनवरचा काटा डोलून राह्यला होता.

तवा त्या गॉगलवाल्यानं माह्याकडं पाह्यलं अन् दोन बोटं खाली केली. बस, एवढंच.

त्यानं मले दम नाही देला. एक शब्द नाही बोलला. मी त्याले ओळखत बी नव्हतो. पन गॉगल घातलेला मानूस बोटानं काही सांगते, तं आपला हात पहिले चालते अन् डोकं मांगून येते, असा मी. मी त्याच्याकडं पाहून हासलो बी. हासलो अन् आवाजाचं बटन खाली केलं.

रंजनाचे ओठ हालत होते, आवाज गेलता. तिनं माईककडं नाही पाह्यलं. तिनं सोताच्या गळ्याले हात लावला. दोन डाव दाबून पाह्यला. मंग "नाही येत" म्हनली अन् खाली जाऊन बसली. समोरून कोनी तरी म्हनलं, "जाऊ द्या, बाईमानूस हाय."

हॅलोबाई उठली. तिनं माईक हातात घेतलाच नाही. जागेवरूनच बोलली, माह्या शेडमधी बोले तशीच. मांगच्या रांगेतल्या म्हाताऱ्यायले बी आयकू गेलं. पायरी, खिचडी, धूळ, सारं सांगतलं, अन् साहेबाच्या मानसानं लिहून घेतलं. पुढं दिवाळीच्या आंधी ट्रक नाल्याकडच्या रस्त्यानं जाऊ लागले. अंगनवाडीले नवीन पायरी बी झाली. गाव जिंकलं. गावानं माह्या पोंग्यावर गानं लावून मिठाई वाटली.

पन रंजना दुसऱ्या दिवसापासून हाजेरीले उभी राह्यली नाही. बाईनं लय समजावलं. रंजना एकच म्हने, "माह्यात आवाजच नाही, बाई. घरातच हाय. बाहेर निंघत नाही तो." शेडवर येनं बंद. कोनी नाव इचारलं तं परत "पोंग्याच्या घरची." मी बाजूले बसून आयकत राहो. सांगाचं होतं, खरंच. तोंड उघडलं का मजाकच बाहेर पडे. "माहं मशीन माह्यासारखंच हाय, ऐन टायमाले बसते," असं म्हनो अन् तिले हासवो. मले तवा समजलं का मी सोताले गाढव कायले म्हनत आलो. गाढव म्हनलं का लोकं हासते, हासलं का सोडून देते, अन् मंग गाढवपना कराले मोकळीक भेटते. सव्वा साल मी त्या मोकळिकीत काढलं. रंजना माह्या समोर भाकर टाके अन् मी ते खाल्ली बी.

हॅलोबाईनं परीक्षा देली होती, ती पर्यवेक्षिका झाली. जागा भेटली उमरखेडकडं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाले. निरोप ठेवला अंगनवाडीसमोरच, मंडप टाकून. तिले तिकडं जाले पाचची यवतमाळची गाडी, तेच शेवटची, त्याच्या आंधी सारं उरकाचं होतं. एकेक बाई माईकवर आली, नाव पुकारून बोलून गेली. एकीचा बी हात कापला नाही. रंजना ताटात चिवडा घेऊन फिरत होती. माईककडं तिनं पाह्यलं बी नाही.

शेवटी टपरीवाला ओरडला, "अबे पोंग्या, सबले बोलवतं, तू बी बोल ना दोन शब्द!" मले उठवलं. मी माईक घेतला. "हॅलो, हॅलो, चेक" म्हनलं. त्याच्यापुढचं मले कधी माहीतच नव्हतं. समोर हॅलोबाई हार घालून बसली होती. मी म्हनलं, "सुनावनीच्या दिवशी रंजनाचा आवाज नव्हता गेला. मी बटन खाली केलं होतं."

सारा मंडप हासला. टाळ्या पडल्या. मांगून एक जन ओरडला, "पोंग्या, तुह्या घरचं बटन तुह्या हातात कधीपासून बे?" लोकं लोटपोट. अन् मी? माहे बी दात बाहेर. लोकं हासले का माहे दात आपोआप बाहेर येते, त्याले मी काय करू? रंजना बी हासली, तोंडाले पदर लावून. तिले बी वाटलं, याची नेहमीची मजाक.

हॅलोबाई नाही हासली. ती खुर्चीवरून उठली अन् जागेवरूनच म्हनली, "भाऊ, अजून एक डाव सांगा. दात आत ठेवून."

मी परत सांगतलं. गॉगलवाला कुठं बसला होता ते सांगतलं. दोन बोटं कशी खाली केली ते दाखवलं. म्हनलं, "त्यानं काही देलं नाही, काही म्हनलं नाही. मी भेलो. तिचा आवाज चांगला चालू होता. मशीनवरचा काटा मी सोता पाह्यला. तिच्यात काही कमी नव्हतं."

कोनी हासलं नाही. मी स्टँडले धरून उभा होतो.

रंजनानं चिवड्याचं ताट खाली ठेवलं. माह्यापाशी आली. मले वाटलं आता देते एक, अन् साऱ्या गावासमोर देते, अन् बरोबरच हाय. तिनं फक्त इचारलं, "कोनतं बटन?"

मी दाखवलं. तिनं ते चांगलं पाह्यलं, दोन बोटानं वर सरकवलं, माह्या हातातून माईक घेतला अन् मले म्हनली, "बाजूले व्हा." मंग लोकायले म्हनली, "त्या दिवशीचं राह्यलेलं बोलून घेते."

मी म्हनलं मनात, आता काय राह्यलं? ट्रक गेले, पायरी झाली, साहेब बी बदलून गेले. पन ती तिथूनच बोलाले लागली, जिथून मी तोडलं होतं. "पायरी गेली त्या दिवशी मी त्या पायरीवर बसून होती. रविवार होता, पन सोमवारसाठी दाळ निवडाची होती. सूप अंदर राह्यलं म्हनून मी उठली. सूप हातात घेतलं अन् बाहेर धडाम झालं. वापस आली तं पायरी नव्हती. दाळ रस्त्यावर पसरली होती, अन् त्याच्यावरून चाकं गेलती. मी ते दाळ भरून घेतली, धुतली अन् घरी आली. कोनाले नाही सांगतलं. ह्यायले बी नाही सांगतलं. ह्यायनं त्याची बी मजाक केली असती."

तिनं माह्याकडं पाह्यलं नाही. पुढं बोलत राह्यली, सूप कुठं ठेवलं होतं, ट्रक कोनत्या बाजूनं आला, तिले किती दिवस झोप नाही लागली, सारं. मी मशीनमांगं उभा होतो अन् मले एक मजाक सुचली नाही.

वळनावर गाडी येऊन थांबली. कंडक्टरनं आवाज देला. बाईची बॅग कोनी तरी उचलली. हॅलोबाईनं हातानंच सांगतलं, खाली ठेवा, अन् गळ्यातला हार काढून परत खुर्चीवर बसली. रंजनाचं बोलनं चालू होतं. ड्रायव्हरनं दोन डाव हॉर्न वाजवला अन् गाडी निंघून गेली.